दगडफोड्या चहा

खोक्यावर नदी होती. दोन्ही बाजूंना हिरवंगार जंगल, मधून तपकिरी नदी, आणि कोपऱ्यात डोक्याला पिसं लावलेला एक म्हातारा दोन्ही हातांत कप धरून हसत होता. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या लोकांच्या औषधावर हा सगळा धंदा चालला होता, त्यांना खोक्यावर एवढीच जागा. ते खोकं मला पहिल्यांदा दिसलं मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, काकांच्या दाढीच्या सामानाशेजारी. पाहताक्षणी माझं डोकं फिरलं.

माझं डोकं लवकर फिरतं, हे मान्य. मी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं आणि कॉलेजची तीन वर्षं आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर पत्रकं वाटली. ताईत विकणारे, पाण्यात फुंकर मारणारे, मधुमेह मुळासकट उपटतो म्हणणारे, सगळ्यांच्या विरोधात. एक निवृत्त मास्तर आम्हाला पत्रक लिहायला शिकवायचे. एका कागदावर एकच मुद्दा घ्या. पहिली ओळ प्रश्नाची करा. आणि उदाहरण द्याल ते वाचणाऱ्याच्या घरातलं द्या, म्हणजे त्याला पटतं. हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की मी आईला चिठ्ठी लिहिली तरी ती पत्रकासारखी व्हायची. नोकरी मात्र पत्रकांनी मिळत नाही. म्हणून मस्कतला आलो, एका एअर कंडिशनिंग कंपनीत स्टोअरकीपर झालो, आणि कंपनीच्या फ्लॅटमध्ये पाच जणांच्या खोलीत मला काकांच्या शेजारची खाट मिळाली.

काका सावंतवाडीकडचे. पन्नाशीचे. पत्र्याचे डक्ट कापायचे, वाकवायचे, छतावर चढवायचे. अख्ख्या कंपनीत त्यांच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. त्यांनी कापलेल्या पत्र्याला कानस लावावी लागत नसे. मला ते पहिल्या दिवसापासून 'घाटी' म्हणायचे. मी एकदा चिडलो तर म्हणाले, "मगे काय साहेब म्हणू? घाटावरसून इलंस, घाटीच तू."

काकांना मुतखडा झाला. आता हा नशिबाने झाला, उष्णतेने झाला, टोमॅटो खाऊन झाला, असं खोलीत प्रत्येकाने आपापलं सांगितलं. मी सांगतो कशाने झाला. छतावर संडास नव्हता म्हणून झाला. इमारत अकरा मजल्यांची, लिफ्ट अजून बसायची होती, आणि कामगारांचा संडास तळाला. लघवीला खाली उतरून परत वर चढायचं म्हणजे गुडघे जायचे आणि वर फोरमन घड्याळ दाखवायचा. मग माणूस काय करेल? पाणी पिणं बंद करेल. ही आमच्या लोकांची कामाची पद्धतच होऊन गेली होती. सकाळी एक चहा, मग थेट दुपारच्या सुट्टीत पाणी. मे महिन्यातल्या मस्कतमध्ये, तापलेल्या पत्र्यावर! आणि तळमजल्यावर कंपनीने फलक लावला होता, हसणाऱ्या थेंबाचं चित्र काढून, की भरपूर पाणी प्या. तो थेंब बघितला की मला दगड मारावासा वाटायचा.

पहिली कळ आली तेव्हा काका छतावरच आडवे झाले. दोघांनी खांद्यावर घालून त्यांना अकरा मजले उतरवलं. रुवीतल्या क्लिनिकचा डॉक्टर आपलाच, हैदराबादचा. त्याने सोनोग्राफी केली आणि हिंदीत स्वच्छ सांगितलं: खडा डाव्या किडनीच्या खालच्या नळीत अडकलाय. पाणी प्या, गोळ्या घ्या, दोन आठवड्यांनी परत येऊन दाखवा. निघाला नसेल तर मोठ्या हॉस्पिटलात जाऊन काढावा लागेल. विसरू नका.

काका विसरले नाहीत. ते घाबरले. मोठं हॉस्पिटल म्हणजे रजा, रजा म्हणजे फोरमनच्या वहीत नाव, आणि त्यांचं रेसिडेंट कार्ड त्याच वर्षी नवं करायचं होतं. आदल्या वर्षी पाठीच्या दुखण्याने रजा घेतलेल्या एका वेल्डरला कंपनीने गोड बोलून विमानात बसवलं होतं. अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, म्हणणं, त्याला घरी आराम मिळेल. खलास.

अशा अवस्थेत काका कुरुमला, बड्या लोकांच्या वस्तीत, एका फ्लॅटचा एसी बघायला गेले. तिथे शिडीवरच त्यांना कळ आली. घर पुण्याच्या एका जोडप्याचं, साहेब तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्या घरच्या वहिनींनी काकांना हाताला धरून शिडीवरून उतरवलं आणि सोफ्यावर बसवलं. हे मला काकांनी चार वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी सोफ्यासकट. "माज्या पँटीक ग्रीस होता रे. मी म्हटलं, वैनी, खाली बसतंय. तर म्हणता, गप बसा हो काका, सोफा पुसता येतो." आणि मग त्यांनी चिनी मातीच्या कपात हा चहा दिला. म्हणाल्या, त्या जंगलातले लोक पिढ्यान्‌पिढ्या पितात, त्यांच्या भाषेत या झाडाचं नावच मुळी दगड फोडणारी असं आहे, आमच्या शुक्रवारच्या वेलनेस ग्रुपमध्ये कितीतरी जणांना गुण आला. पहिलं खोकं वहिनींनी असंच दिलं. दुसरं काकांनी विकत मागितलं.

मला राग कशाचा येतो ते नीट सांगतो. मस्कतमध्ये वीस वर्षं राबलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा सोफ्यावर बसवलं, आणि ते बसवणं इतकं दुर्मीळ होतं की त्या कपात काय आहे हे विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही. मीही विचारलं नसतं कदाचित.

खोक्याच्या मागच्या बाजूला झाडाचा फोटो होता. संयुक्त भासणारी बारीक पानं, आणि त्या डहाळीखाली ओळीने लोंबणारी मोहरीएवढी हिरवी फळं. मी दोनदा बघितलं. मग हसायलाच लागलो.

"काय झाला?" काका खाटेवरून म्हणाले.

"काका, ही भुईआवळी आहे! तीच, नाहीतर तिची सख्खी बहीण. पावसाळ्यात आपल्याकडे पायाखाली येते ती."

"खयची?"

"आपली. परसातली. हे लोक ती जंगलाचा फोटो लावून तुम्हाला विकतायत."

काकांनी खोकं माझ्या हातातून घेतलं. मला वाटलं, घाव बसला. आता खोकं फेकतील आणि डॉक्टरकडे जातील. त्या जोरात मी दुसऱ्याच दिवशी स्टोअरच्या कॉम्प्युटरवर पत्रक टाइप केलं. अशी पत्रकं इथे परवानगीशिवाय वाटता येत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून वाटलं नाही. एक प्रत मेसच्या भिंतीवर चिकटवली आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर सोडला. पहिली ओळ अशी होती: मित्रांनो, हे गवत तुम्ही विकत घेणार का? पुढे लिहिलं, खोक्यावरच्या जंगलाला भुलू नका, ही परदेशी जादू नाही, ही आपल्या दारातली भुईआवळी आहे, आपल्या आज्या हिचाच काढा देत आल्या आहेत. आणि खाली चार ओळी: अडकलेला खडा काढ्याने निघेलच असं नाही. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी चुकवू नका. साइटवर दर तीन मजल्यांना एक संडास मागा. पाणी प्या.

चांगलं लिहिलं होतं. अजूनही म्हणतो, लिहिलं चांगलं होतं. मास्तरांनी पाठ थोपटली असती.

संध्याकाळी मेसमध्ये गर्दी जमली. एक जण मोठ्याने वाचत होता आणि भुईआवळीपर्यंत आल्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गची सगळी मंडळी एकदम बोलायला लागली. कुणाची आई काविळीला द्यायची, कुणाचा मामा ताकातून द्यायचा. खालच्या चार ओळी वाचेपर्यंत कुणी थांबलंच नाही. काका ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मेल्या घाट्या, ह्या तू आधी कित्याक नाय सांगलंस? मी थोडो घाबरत होतंय. म्हटलं, खयचा परक्या मुलखातला पितंय. आता काय भ्या नाय. भुईआवळी! माजी आवस हीच देय."

"काका, खालचं वाचलंत का? डॉक्टरकडे जायचंय."

"जातलंय मां. आधी ह्या तर पिऊ दे."

त्यांचा त्या चहावर अर्धाच विश्वास होता, तो मी पुरा केला. पुढच्या आठवड्यात गावाहून रजा संपवून येणाऱ्या एकाने काकांसाठी वाळवलेल्या भुईआवळीची पुडी आणली, कपड्यांच्या घडीत लपवून. मग सकाळी जंगलवाला चहा आणि संध्याकाळी गाववाला काढा, असं सुरू झालं. खोलीतल्या टवाळांनी त्याला दगडफोड्या नाव ठेवलं. "काय काका, दगडफोड्या घेतलास? आज किती ब्रास खडी पडली?" काका पण हसायचे आणि त्यांनाच कपभर द्यायचे.

मी झाडाच्या विरोधात नाही. बारीक खड्यांवर त्याचा काही उपयोग होतो का, ते अभ्यास करणारे बघतील. मी त्या लबाडीच्या विरोधात आहे, जी तपासणीच्या जागी कप ठेवते. पण भांडताना मी एवढं शांतपणे बोलत नव्हतो. मी ओरडत होतो. काका म्हणायचे, "ओरडतंस कित्याक? तूच छापलंस मां?"

आणि मग, साधारण महिन्याने, दुखणं थांबलं.

पूर्ण थांबलं. काका छतावर चढायला लागले, रात्री झोपायला लागले, एका शुक्रवारी त्यांनी मेसमध्ये भाज्यांचं खतखतं केलं. खोलीत सगळे खूश. मीही. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं, कारण रोजचं भांडण संपलं होतं. कळ थांबणं म्हणजे खडा गेलाच असं नव्हे, नळी पूर्ण बंद झाली की कधीकधी किडनी मुकाट्याने मरत जाते आणि दुखतही नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं आणि एकदा बोललोही. काका म्हणाले, "दुखाक नाय तरी दुखता म्हणू?" मी विषय सोडला. किती सहज सोडला!

दोन आठवड्यांनी कुणीतरी मला फोनवर एक मेसेज दाखवला. काकांचा फोटो, त्या सोफ्यावर, हातात कप. वर मजकूर: आमच्या एसीवाल्या काकांचा खडा विरघळला, ऑपरेशनशिवाय! आणि त्याखाली माझं पत्रक. अख्खं नाही. 'आपल्या आज्या हिचाच काढा देत आल्या आहेत' इथपर्यंत. खालच्या चार ओळी कापलेल्या. पहिली ओळ आणि 'जंगलाला भुलू नका'ही कापलेलं.

शुक्रवारी मी टॅक्सी करून कुरुमला गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि नाव सांगितल्यावर चक्क आनंदल्या.

"अरे, तो पत्रकवाला तू? ये ना, ये. किती छान लिहितोस रे! आमच्या मुलांना दाखवलं मी, म्हटलं बघा, असं मराठी यायला हवं. आधी पाणी घे."

"वहिनी, माझ्या कागदावर खाली अजून चार ओळी होत्या."

"हो, त्या जरा निगेटिव्ह होत्या. लोक घाबरतात. पण बाकीच्याने इतकी ऑथेंटिसिटी आली ना! इथले काही जण म्हणायचे, हे फॉरेनचं आपल्याला कशाला? आता सगळे घेतात."

"काकांचा खडा विरघळला हे कुणी बघितलं?"

"म्हणजे? त्यांचं दुखणं थांबलं ना!"

"सोनोग्राफी केली का?"

"प्रत्येक गोष्टीला मशीन लागतं का रे? तुमच्या पिढीचा ना, शरीरावर विश्वासच नाही."

"गेल्या वर्षी साहेबांच्या छातीत दुखलं, तेव्हा त्यांना कुठला चहा दिला होता?"

हे मला काकांनीच सांगितलं होतं, की साहेबांना तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि त्याच दिवशी सगळ्या तपासण्या झाल्या. वहिनींचा चेहरा पडला. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, अजून अर्धा भरलेला होता.

"ते वेगळं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी स्वतः रोज पिते हा चहा. कुणाला फसवत नाहीये मी."

मला हेच सर्वांत चीड आणणारं वाटलं, की त्या खरं बोलत होत्या. त्या रोज पीत होत्या. त्यांच्या घरी मात्र चहा आणि हॉस्पिटल दोन्ही होतं. आमच्या खोलीत दोन्हींतलं एकच मिळत होतं आणि तेच त्यांनी आणून दिलं होतं. मी हे सगळं त्यांना बोललो, दारात उभा राहून, चढ्या आवाजात. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. वहिनी म्हणाल्या, "काकांना किती आदराने वागवलं मी, विचार त्यांना." आणि दार लावून घेतलं.

मी त्यांच्या ग्रुपविरुद्ध मोहीम उघडली. तीन पत्रकं लिहिली, एकापेक्षा एक जहाल. ज्यांना पाठवली त्यांनी मला ब्लॉक केलं. एका सद्‌गृहस्थांनी मला फोन करून समजावलं की परदेशात आपण मराठी माणसांनी एकमेकांना धरून राहावं. मी त्यांनाही सुनावलं. संध्याकाळी खोलीत मी खाटेवर बसून फोनवर भांडत असे आणि हाताच्या अंतरावर काका आपला कप घेऊन बसलेले असत, शांत, कधीकधी माझ्याकडे कौतुकाने बघत. "किती लिवतंस रे!"

ऑक्टोबरात त्यांना थंडी वाजून ताप आला. आम्हाला वाटलं, हवा बदलली. तिसऱ्या दिवशी ते बरळायला लागले तेव्हा फोरमननेच गाडी काढली. एरवी घड्याळ दाखवणारा तो माणूस सिग्नल तोडत मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवलं. खडा होता तिथेच होता. वर किडनी पुवाने फुगलेली, आणि तिची भिंत कागदासारखी पातळ.

"किती दिवस झाले? दुखत नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला दुखत होतं," मी म्हणालो. "मग थांबलं."

"तेव्हाच आणायचं होतं."

आधी नळी घालून पू काढला. मग आठवड्याने किडनी काढून टाकली. वहिनी हॉस्पिटलात फळं घेऊन आल्या, रडल्या. त्यांनी काकांचा फोटो ग्रुपवरून काढला, चहा विकणं मात्र थांबवलं नाही. कंपनीने कार्ड नवं केलं नाही. एका किडनीचा माणूस छतावर नको, असं पत्र इंग्रजीत आलं. छतावर संडास नसल्याबद्दल कुणाला कसलं पत्र गेल्याचं मी ऐकलं नाही. अर्बाबला भेटायला मी तीनदा ऑफिसात गेलो, तीनदा 'इन्शाल्ला, उद्या' ऐकलं, आणि चौथ्यांदा मला सांगण्यात आलं की स्टोअरकीपरही बदलता येतो.

जायच्या दिवशी सकाळी मी काकांची बॅग भरत होतो. त्यांना वाकता येत नव्हतं. ते खाटेवर बसून बघत होते, आणि माझं तोंड चालूच होतं. वहिनी, कंपनी, फोरमन, ग्रुप. केस करू, पेपरात लिहू, गावी जाऊन सगळ्यांना सांगू.

"बस कर रे," काका म्हणाले. "एक सांग. माज्या खाटीपासून तुजी खाट किती लांब?"

मी बघितलं. दोन खाटांच्या मध्ये एक स्टूल मावायचं.

"तू कागद बरो लिवतंस. वैनीक जाऊन भांडलंस, ता पण आयकलंय. पण क्लिनिक खाली रस्त्यार होता. माका एकदा तरी हात धरून न्हेलंस?"

"तुम्ही आला नसता, काका. तुम्ही म्हणालात, दुखत नाही."

"मी शिये दिलं असतंय तुका. मारूक पण इलं असतंय." त्यांचा आवाज चढला आणि टाक्यांवर हात गेला. "तरी ओढून न्हेवक व्हया होता! तू शिकलेलो मां? तुका म्हायत होता मां? मगे भिंतीर कित्याक चिकटवलंस? भिंतीक खडो झाल्लो?"

खोलीत आणखी दोघे होते. त्यांच्यातला कुणी हसला नाही. मी बॅगेची चेन ओढली, ती कापडात अडकली, पुन्हा ओढली. खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. काकांनी हॉस्पिटलची फाइल माझ्यापुढे धरली.

"ह्यात काय लिवलाहा ता मराठीत सांग. घरी विचारतले."

मी उभ्या उभ्या वाचून सांगितलं. डावी काढली. उजवी चांगली आहे. दर सहा महिन्यांनी तपासायची, दुखो वा न दुखो. त्यांनी शेवटचं वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि फाइल काखेत घेऊन जिन्याने हळूहळू उतरले. बॅग मी नेली. गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सहा महिन्यांनी मी सावंतवाडीला फोन केला. "तपासलंय, बरां हा," काका म्हणाले, इतक्या झटकन की मला कळलं, खोटं बोलतायत. मी फोन ठेवला आणि त्यांच्या मुलीला लावला. तिला म्हटलं, उद्या सकाळी त्यांना रिक्षात घाल. नाही म्हणतील. ओरडतील. तू ऐकू नकोस. दुसऱ्या दिवशी तिने रिपोर्टचा फोटो पाठवला. त्यानंतर दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं मिळून हेच करतो. काकांनी आता माझा फोन घेणं बंद केलंय, आणि मुलगी सांगते, रिक्षात बसल्यापासून दवाखाना येईपर्यंत ते माझ्या सात पिढ्या काढतात. काढू देत.